पाचाचे सहा होताना काय मोडते?

प्रश्न : गावातल्या वाचनालयासाठी मी क्यूट ५ ही सी प्लस प्लसची लायब्ररी वापरून पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम लिहिला. ५.१२ वरून ५.१५ वर आलो तेव्हा काहीच बिघडले नाही. क्यूट ६ टाकले आणि कंपायलरने शेकडो चुका दाखवल्या. एका आकड्याने एवढा फरक कसा पडतो?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : टिंबाच्या आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांचे वजन सारखे नसते. नंतरचा आकडा वाढला, तर तुमचा प्रोग्राम पुन्हा कंपाइलसुद्धा न करता चालला पाहिजे, हे क्यूट बनवणाऱ्यांचे वचन आहे. आधीचा आकडा बदलला की ते वचन संपते.

हे वचन पाळणे सोपे नाही. सी प्लस प्लसचा प्रोग्राम कंपाइल होताना लायब्ररीतल्या प्रत्येक वस्तूचा आकार आणि तिच्या भागांच्या जागा मोजून त्यात पक्क्या होतात. पोस्टमनने पाटी न वाचता 'जिन्यापासून चौथे दार' एवढेच ध्यानात ठेवावे, तसे हे आहे. मध्येच एक नवी खोली बांधली की पत्र शेजाऱ्याच्या घरात! म्हणून क्यूटचे बहुतेक क्लास आपली माहिती स्वतःजवळ ठेवत नाहीत. तिच्याकडे नेणारा एक पॉइंटर तेवढा ठेवतात. आतले सामान कितीही वाढले तरी दारांची मोजणी तीच राहते. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

पण काही बदल तिलाही पेलत नाहीत. क्यूलिस्ट आणि क्यूव्हेक्टर हे यादी ठेवणारे दोन क्लास एकच करायचे, जुनी फंक्शने काढून टाकायची, ही कामे पुढच्या मोठ्या आवृत्तीसाठी राखून ठेवावी लागतात. क्यूट ५ आले डिसेंबर २०१२ मध्ये, क्यूट ६ डिसेंबर २०२० मध्ये. आठ वर्षांचे साठलेले काम तुमच्यासमोर एकदम आले.

म्हणून आधी ५.१५ वर परत जा. जी फंक्शने पुढे काढली जाणार आहेत त्यांचे इशारे कंपायलर तिथेच देतो. ती एकेक करून बदला. प्रोग्राम त्या काळातही चालू राहील. मग ६ वर या. सी प्लस प्लस १७ जाणणारा कंपायलर लागेल. वाचनालयातला संगणक विंडोज ७ वर असेल तर मात्र थांबा, कारण क्यूट ६ ला किमान विंडोज १० हवे.

मला खरी काळजी वाटते ती कंपायलर दाखवत नाही त्या चुकीची. सभासद क्रमांक तपासायला तुम्ही मजकूर पॅटर्नशी जुळवणारा क्यूरेगएक्स्प हा क्लास वापरला असेल, तर ६ मध्ये त्याच्या जागी क्यूरेग्युलरएक्स्प्रेशन येईल. जुन्यात 'बॅकस्लॅश डी' म्हणजे कुठल्याही लिपीतला अंक, आपला ९ सुद्धा. नव्यात तेच चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखते. आपले अंक चालायला हवेत तर यूज-युनिकोड-प्रॉपर्टीज हा पर्याय स्वतः लावावा लागतो. शिवाय सगळा मजकूर जुळतो का हे पाहणारे जुन्यातले एक्झॅक्टमॅच नव्यात नाही, त्यामुळे पॅटर्न दोन्ही टोकांना बांधला नाही तर '१०४अबक' हाही क्रमांक म्हणून खपून जाईल. बदल झाल्यावर हे दोन्ही क्रमांक, नुसता १०४ आणि शेपटीचा १०४अबक, देवनागरीत टाइप करून पाहा. पहिला स्वीकारला गेला आणि दुसरा परत आला, तरच नवी आवृत्ती ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवा.