कापलेल्या पट्टीची तारीख कुठे राहते?

प्रश्न : माझ्या आईला रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी कायमची आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून मी पंधरा दिवसांच्या गोळ्या आणतो. दुकानदार पट्टी कात्रीने कापून देतो, पण एक्स्पायरी छापलेला तुकडा दर वेळी त्याच्याकडेच राहतो. हे मुद्दाम करतात का? काही गोळ्या तो नुसतं नाव सांगितलं तरी देतो, काहींना चिठ्ठी पाहिल्याशिवाय हात लावत नाही. मागच्या खेपेला ‘कंटेंट तोच आहे’ म्हणून त्याने दुसऱ्याच कंपनीची गोळी दिली. समोर नव्या दुकानावर 20 टक्के सवलतीची पाटी लागली आहे, तर दवाखान्यातल्या मेडिकलमध्ये एक रुपयाही सुटत नाही. यातलं नियमात काय बसतं? – एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचे पाचही प्रश्न काउंटरवर रोज पडणारे आहेत आणि बहुतेक लोक ते मनातच ठेवून घरी जातात. एकेक घेऊ.

तारखेचा तुकडा

यात सहसा लबाडी नसते. बहुतेक पट्ट्यांवर बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, एक्स्पायरी आणि किंमत हा मजकूर एका टोकाला असतो. उरलेल्या गोळ्या दुकानदाराला पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायच्या असतात. तारखेचं टोक आधी दिलं, तर मागे राहिलेला तुकडा कधीचा हे त्यालाही कळणार नाही आणि तपासणीला आलेल्या औषध निरीक्षकालाही. म्हणून तो दुसऱ्या टोकाकडून कापत येतो.

त्याचं काम यात नीट होतं, पण तुमच्या हातात नाव-गाव नसलेल्या गोळ्या येतात. ही उणीव भरून काढणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे बिल. चिठ्ठीवर मिळणाऱ्या म्हणजे ‘अनुसूची एच’मधल्या औषधांच्या बिलावर उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत असणं नियमाने आवश्यक आहे. ‘12/2026’ अशी मुदत असेल तर ते औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं.

बॅच क्रमांक इतका महत्त्वाचा का, हे 2025च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या शेजारीच दिसलं. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचं औषध पाजलेल्या लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांतल्या अनेकांना नागपूरला आणलं गेलं आणि कित्येक तिथे दगावली. ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या एसआर-13 या बॅचमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष 48.6 टक्के आढळलं. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने तेव्हा लोकांना आवाहन केलं, की या बॅचची बाटली घरात असेल तर वापर थांबवा आणि आम्हाला कळवा. बाटलीवर बॅच छापलेली असते, म्हणून आईबापांना ती पाहता तरी आली. उद्या असा इशारा एखाद्या गोळीबद्दल निघाला आणि घरात नुसता कापलेला तुकडा असला, तर काय पाहणार? म्हणून बिल घ्या आणि औषध संपेपर्यंत जपून ठेवा. बिलावर बॅच नसेल तर दुकानातच पट्टीच्या टोकाचा मोबाइलवर फोटो काढा. चांगला दुकानदार त्याला नाही म्हणत नाही.

सुट्या गोळ्यांचे पैसे पट्टीच्या किमतीच्या प्रमाणातच द्यायचे असतात. दहा गोळ्यांची पट्टी 50 रुपयांची असेल, तर चार गोळ्यांचे 20 रुपये होतात. सुट्या आहेत म्हणून जास्त लावणं 2013च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाविरुद्ध आहे.

चिठ्ठी कशाला लागते?

1945च्या औषध नियमांत औषधांच्या अनुसूची आहेत. अनुसूची एचमधलं औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळीत विकता येत नाही. बहुतेक अँटिबायोटिक्स आणि रक्तदाबाची औषधं याच अनुसूचीत येतात. साध्या पॅरासिटामॉलसारखी जी औषधं तिच्यात नाहीत, ती चिठ्ठीविना मिळतात.

मार्च 2014पासून ‘एच-1’ ही अधिक कडक यादी लागू झाली. सुरुवातीला तिच्यात 46 औषधं होती : सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलाम, झोल्पिडेम यांसारखी सवय लावणारी औषधं आणि क्षयरोगाची औषधं. यांतलं काहीही विकलं, की डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या हे सगळं वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं सांभाळायची. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. क्षयाची औषधं नेणाऱ्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं 2018पासून औषध विक्रेत्यांवरही बंधनकारक आहे. तुमचा दुकानदार काही गोळ्यांना हात लावत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. त्याचा राग मानू नका. उलट, रक्तदाबाची गोळी तो नुसत्या नावावर देत असेल, तर नियम तिथे मोडतो आहे. ओळखीपाळखीने आणि डॉक्टरची फी वाचवण्यासाठी आपण सगळेच त्याला हातभार लावतो.

यावर सरळ वाट आहे. डॉक्टरने स्पष्ट लिहिलं नसेल, तर नियमानुसार एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं असतं. म्हणून आईच्या डॉक्टरांना सांगा, की कायमच्या गोळ्यांपुढे ‘दर महिन्याला, सहा महिन्यांपर्यंत’ असं लिहून द्या. त्या चिठ्ठीवर दुकानदार दर खेपेला शिक्का आणि तारीख टाकेल. तुम्हालाही कायदेशीर औषध मिळेल आणि त्यालाही धाकधूक राहणार नाही.

‘कंटेंट तोच आहे’

वाक्य खरं असू शकतं, तरी हा बदल नियमात बसत नाही. चिठ्ठीवर अनुसूची एचमधल्या औषधाचा एक ब्रँड लिहिला असताना त्याऐवजी दुसरा देण्याची मुभा विक्रेत्याला नाही, मग आतलं औषध तेच का असेना. डॉक्टरने ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहिलं असेल, तर मात्र कुठल्याही कंपनीचं चालतं. स्वस्त पर्याय हवा असेल तर डॉक्टरांकडून मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात जा. देशभरात अशी दहा हजारांहून जास्त केंद्रं आहेत आणि तिथली बरीच औषधं नावाजलेल्या ब्रँडच्या निम्म्या किमतीत किंवा त्याहूनही कमी दरात मिळतात.

तुमच्या आईच्या बाबतीत थायरॉइडच्या गोळीची जास्त काळजी घ्या. थायरॉइड, फिट्स आणि रक्त पातळ करण्याच्या औषधांत थोडा फरकही अंगावर येतो. एकदा मात्रा बसली, की तोच ब्रँड चालू ठेवावा. बदलायचाच झाला तर डॉक्टरांना सांगून बदलावा, म्हणजे ते गरजेप्रमाणे तपासणी करून घेतील. नवी पट्टी हातात आली, की मोठ्या अक्षरांतल्या ब्रँडवर विसंबू नका. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा जुन्या पट्टीशी ताडून पाहा. ब्रँडची नावं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात, की घाईत भलतंच औषध हातात येऊ शकतं.

सवलत येते कुठून?

छापील किंमत ही कमाल किंमत असते आणि तिच्यात कर धरलेला असतो. त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला मुभा आहे. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरण ठरवतं आणि तिच्यात किरकोळ विक्रेत्यासाठी 16 टक्के धरलेले असतात. यादीबाहेरच्या औषधांवर हा वाटा साधारण 20 टक्के असतो. मग सरसकट 20 टक्के सोडणारा दुकानदार खातो काय?

एक तर तो मोठी खरेदी करून घाऊक सवलत मिळवतो. दुसरं, ज्या गोळ्यांसाठी कंपन्या डॉक्टरांकडे प्रतिनिधी पाठवत नाहीत आणि ज्या थेट दुकानांतून खपतात, त्यांची खरेदी किंमत छापील किमतीहून फार खाली असते. यादीबाहेरच्या औषधाची पहिली किंमत कंपनी स्वतः ठरवते. सरकारी बंधन वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ न करण्यापुरतं आहे. अशा गोळीवर 20 टक्के सोडूनही दुकानदाराकडे भरपूर उरतं. सवलत घेण्यात काही गैर नाही. पण सवलतीच्या दुकानात ‘हे नाही, ते घ्या’ असं वारंवार ऐकू येत असेल, तर सावध व्हा. सवलतीचा टक्का पाहू नका. डॉक्टरने लिहिलेलीच गोळी दोन्हीकडे शेवटी किती रुपयांना पडते, ते विचारा.

दवाखान्यातलं मेडिकल

रुग्णालयातल्याच दुकानातून औषधं घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. तसा फलक दर्शनी भागात लावण्याचे निर्देश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025मध्ये दिले आहेत. या प्रश्नाची खोली 2018मध्ये उघड झाली. किंमत प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा औषधं आणि इतर साहित्यावरचा नफा काही ठिकाणी 1,737 टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. ही सगळी विक्री छापील किमतीच्या आत होती, कारण छापील किंमतच तशी ठेवलेली होती. ऑपरेशनच्या टेबलावर रुग्ण असताना बाहेर धावपळ करा असं मी सांगणार नाही. पण डिस्चार्जनंतरच्या महिनाभराच्या गोळ्या कुठून घ्यायच्या, हे ठरवायला तुम्ही पूर्ण मोकळे आहात.

तुम्ही न विचारलेला प्रश्न

तुमच्या पत्रात सगळीकडे ‘दुकानदार’ आहे. फार्मासिस्ट कुठेच नाही. माझ्या मते आपल्या औषध दुकानांचं खरं दुखणं इथे आहे. 1948च्या फार्मसी कायद्यानुसार चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. अनेक ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि माणूस दुसरीकडे. 2011 ते 2014 या काळात महेश झगडे महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना अशा दुकानांवर राज्यभर कारवाई झाली. विक्रेत्यांनी बंदही पुकारले. वाद पेटला, पण काउंटरवर फार्मासिस्ट असलाच पाहिजे हे तेव्हा सामान्य गिऱ्हाइकाला पहिल्यांदा ठळकपणे कळलं.

तो असण्याने काय फरक पडतो, याची दोन उदाहरणं देतो. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. जाणता फार्मासिस्ट पाकिटावर वाराचं नाव लिहितो आणि घेणाऱ्याकडून ते वदवून घेतो. दुसरं उदाहरण इन्सुलिनचं. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन 40 युनिटचंही मिळतं आणि 100 युनिटचंही. 40 युनिटच्या कुपीसाठी लाल टोपणाची सिरिंज, 100 युनिटसाठी नारिंगी टोपणाची. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट चुकते. नुसतं ‘इन्सुलिनची सुई द्या’ म्हटल्यावर जो ‘कुपी दाखवा’ म्हणतो, तो तुमचा हितचिंतक आहे. असा माणूस दुकानात असेल तर दोन रुपये जास्त गेले तरी ते दुकान सोडू नका.

आता काय करायचं, ते सांगतो. पुढच्या खेपेला गर्दी नसताना जा आणि ‘फार्मासिस्ट कोण आहेत?’ असं विचारा. आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवा. कोणती गोळी उपाशीपोटी, कोणती जेवल्यावर, कोणत्या दोन गोळ्यांमध्ये अंतर हवं, हे त्यांच्याकडून लिहून घ्या. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात चार तास ठेवायचे असतात, एवढं जरी त्यांनी न विचारता सांगितलं, तर माणूस योग्य आहे असं समजा. बिल दर वेळी मागा, आणि ते नाकारलं तर दुकान बदला. बिल न देणं ही 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. जास्त किंमत, मुदत संपलेला माल किंवा फार्मासिस्ट नसलेलं दुकान दिसलं, तर अन्न व औषध प्रशासनाच्या 1800222365 या मोफत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर कळवा. तक्रार करताना बिल हाताशी ठेवा. त्याच्याशिवाय तुमचं म्हणणं सिद्ध होणं कठीण आहे.