चार लिटरच्या जीपला जास्त ताकद

प्रश्न : माझ्याकडे १९९८ची जीप चेरोकी आहे, चार लिटरचं सहा सिलिंडरी इंजिन. खडकाळ वाटांसाठी स्ट्रोकर करायचं आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : क्रँकशाफ्ट शोधण्याआधी कोणतं पेट्रोल भरणार ते ठरवा. जुन्या ४.२ लिटर इंजिनाचा क्रँक या ब्लॉकमध्ये बसवता येतो. स्ट्रोक ८६.७ वरून ९८.९ मिलिमीटर होतो आणि बोअर पाऊण मिलिमीटर वाढवला की इंजिन सुमारे ४.६ लिटरचं होतं. पण त्याबरोबर कॉम्प्रेशनही चढतं. साधं पेट्रोल वापरणार असाल तर ते नऊच्या आसपास ठेवा. बहुतेकजण इथेच फसतात: कॉम्प्रेशन उतरवायला जाड गॅस्केट घालतात, पिस्टन आणि हेडमधली फट वाढते आणि नॉकिंग उलट बळावतं. फट एक मिलिमीटरच्या जवळ ठेवा, कॉम्प्रेशन खोलगट पिस्टननं उतरवा. शक्य असेल तर चार लिटरचेच लांब कनेक्टिंग रॉड वापरा, सिलिंडरच्या भिंतीवरचा दाब कमी होतो. मात्र पिस्टन त्या मापाचे हवेत. कॅम सौम्यच बरा. खडकांवर ताकद कमी आरपीएमला लागते. मोठे इंजेक्टर, बॅलन्सिंग आणि दमदार रेडिएटर यांचे पैसे आधीच बाजूला काढा.