जाड टायर आणि टपावरची दप्तरं



मागच्या पालकसभेत मुलांच्या व्हॅनचा विषय निघाला. वळणावर गाडी फार झुकते, मुलं एकमेकांवर आदळतात. व्हॅनवाले दादा म्हणाले, "आता जाड टायर टाकलेत, काळजी नको." सगळे गप्प बसले. मीसुद्धा! पण टपावर बांधलेली दप्तरं काही डोळ्यांसमोरून हलेनात. म्हणून चौथीच्या वर्गात हा पाठ घेतला.

आधी टायर. त्यावर १६५/८० आर १४ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. १६५ चे १८५ केले तर प्रत्येक टायर बाहेरच्या बाजूला फक्त १० मिमी सरकतो, म्हणजे जेमतेम करंगळीएवढा. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास असताना एवढ्याशाने गाडी पलटायची थांबेल का?

रस्त्याला टेकणारा भागही फार वाढत नाही. १००० किलोची गाडी, म्हणजे एका चाकावर २५० किलो. टायरमधली हवा ३२ पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण सव्वादोन किलो. भागाकार करा. सुमारे ११० चौरस सेंटीमीटर, फार तर आपल्या तळहाताएवढी जागा! हवा तेवढीच ठेवली तर जाड टायरने ही जागा आडवी पसरते, लांबीला कमी होते. कोरड्या रस्त्यावर पकड थोडी सुधारते, पण पावसात रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. साचलेल्या पाण्यावर वेगात गेलो तर तो लवकर तरंगतो.

"जड गाडी घट्ट बसते" हेही अर्धंच खरं. वजन दुप्पट झालं की घर्षण दुप्पट होतं, पण गाडी वळवायला लागणारं बलही दुप्पट होतं. खरा प्रश्न वजन किती हा नाही, ते कुठे आहे हा आहे.

हे मुलांना करूनच दाखवा. खडूची दोन रिकामी खोकी उभी घ्या. एकात दगड तळाशी चिकटवा, दुसऱ्यात तसाच दगड वरच्या टोकाला. दोन्ही एका फळीवर ठेवा, घसरू नयेत म्हणून खालच्या बाजूला बारीक पट्टी लावा आणि फळी हळूहळू उचला. वर दगड असलेलं खोकं आधी कोलमडतं. आता तेच खोकं आडवं ठेवा. बूड रुंद झालं, उंची कमी झाली, आता ते सहज पडत नाही. कोनमापक लावून कोन मोजायला लावलं तर गणिताचा तासही सार्थकी लागतो.

माझ्या वर्गातली एक मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे आमची दप्तरं वरचा दगड!" मग हिशोबच मांडला. १४ मुलं, प्रत्येकाचं दप्तर ४ किलो धरलं तर ५६ किलो थेट टपावर.

दुसऱ्या दिवशी मुलांनी तीच खोकी दादांना दाखवली. त्यांनी स्वतः फळी दोनदा उचलून पाहिली. आता दप्तरं सीटखाली असतात. पाय ठेवायला जागा पुरत नाही ही तक्रार आहेच, त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.