पाण्याचा वरचा रेटा आणि पोहणाऱ्याचा भोपळा

विहिरीचे पाणी शेंदणाऱ्यास एक अनुभव नित्य येतो. भरलेला पोहरा पाण्यात असेतोवर दोर सहज ओढला जातो. परंतु पोहरा पाण्याबाहेर येताच तो एकदम जड लागतो. पोहरा तोच, पाणीही तेच. मग भार वाढला कोठून? शिक्षकांनी या प्रश्नापासून पाठास आरंभ करावा.

प्रयोग पहिला : पाण्याचा दाब
उंच डब्यास एकाखाली एक अशी सारख्या आकाराची तीन छिद्रे पाडून तो पाण्याने भरावा. सर्वांत खालच्या छिद्रातून धार सर्वाधिक वेगाने निघते. धार किती दूर पडते यावरून मात्र निर्णय करू नये. टेबलावरील डब्याची खालची धार लवकर टेकते. खोलीबरोबर दाब वाढतो, हे यावरून दिसते. १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारे १ किलोग्रॅम असतो. बुडालेल्या वस्तूच्या तळाशी दाब अधिक व माथ्यावर कमी असल्यामुळे पाणी तिला वर रेटते.

प्रयोग दुसरा : रेट्याचे मापन
ताणकाट्यास दगड टांगून त्याचे वजन घ्यावे. मग काठोकाठ भरलेल्या भांड्यात तो पूर्ण बुडवून पुन्हा वजन पाहावे व सांडलेले पाणी तोलावे. दगड हवेत ५०० ग्रॅम व पाण्यात ३०० ग्रॅम भरला, तर सांडलेले पाणी २०० ग्रॅम भरेल. वस्तू जेवढे पाणी बाजूस सारते, तेवढ्याच वजनाचा वरचा रेटा तिला मिळतो. हा सिद्धांत इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीच्या आर्किमिडीजने मांडला. पोहऱ्यातील पाण्याचा भार विहिरीत असताना भोवतालचे पाणीच तोलून धरते. बाहेर येताच तो दोरावर पडतो.

घनता व तरंगणे
१ लिटर पाण्याचे वजन १ किलोग्रॅम असते. तेवढ्याच आकारमानाचे भरीव लोखंड सुमारे ७.८ किलोग्रॅम भरते, म्हणून ते बुडते. मानवी शरीराची घनता पाण्याच्या जवळजवळ बरोबरीची असते. छाती भरून श्वास घेतल्यास ती किंचित कमी होते.

व्यवहारातील उपयोग
पोहणे शिकणाऱ्याच्या पाठीस सुका भोपळा बांधण्याची रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. ४ लिटर आकारमानाचा व अर्धा किलोग्रॅम वजनाचा भोपळा पूर्ण बुडाल्यास साडेतीन किलोग्रॅमचा आधार देतो. शरीर स्वतःच जवळजवळ तरंगत असल्यामुळे तेवढा आधार बहुधा पुरतो.

बुडणारा मनुष्य घाबरून हात वर करतो. हात बाहेर आले की त्यांना मिळणारा रेटा नाहीसा होतो आणि त्यांचा भार शरीरास खाली दाबतो. परिणामी तोंड पाण्याखाली जाते. हात पाण्यातच ठेवून, मान मागे टाकून उताणे राहणे हिताचे. काठावरील मुलाने पाण्यात उडी घेऊ नये. मोठ्याने हाक मारून माणसे बोलवावीत आणि झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा दोरास बांधून बुडणाऱ्याकडे फेकावा. हे प्रात्यक्षिक वर्गात बादली व बाहुलीच्या साहाय्याने दाखवावे. विहिरीवर करू नये.

प्रश्न
१. पोहरा पाण्याबाहेर येताच जड का लागतो?
२. लोखंडी खिळा बुडतो. मग लोखंडी जहाज का तरंगते?
३. बुडणाऱ्याने हात वर का करू नयेत?