सोडवेपर्यंत पुसायचं नाही

अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र घरात सतत हाताशी असतं. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही त्यांची चार नगरं. त्यांच्या आठवणींतून आमच्या घरात आणि वर्गात जे रुजलं, ते लिहिते.

१. गणित घालावं आणि गप्प बसावं. बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या लहानपणीच्या घरी फळा होता. शिक्षणासाठी तिथे राहणारे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर खास ‘जेव्हीएन’साठी, म्हणजे जयंतसाठी, अवघड गणित लिहून ठेवत. भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत फळा पुसला जात नसे. आम्हीही जेवणाच्या टेबलाशेजारी फळा लावला आणि मी लेकीला प्रश्न घातला: पुण्यात वर्षातून दोनदा भरदुपारी सावली पायाखाली येते, मग इथे एकदाही पूर्ण का येत नाही? २१ जूनला साडेबाराच्या सुमारास आम्ही गच्चीवर मीटरभर काठी उभी केली. सावली उरली जेमतेम दीड सेंटीमीटर. उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही. लेकीने नकाशा काढला, कर्कवृत्तावर बोट ठेवलं आणि ओरडली, “आई, आपण जरासेच वर आहोत!”

२. नाव झाकून काम तपासून घ्यावं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली. पहिलं बक्षीस मिळालं. तेव्हा त्यांना पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती, हे मला फार मोठं वाटतं. माझ्या वर्गातही प्रकल्पांवर आता फक्त क्रमांक असतो.

३. एकटं पडायची तयारी हवी. १९६५ मध्ये वैश्विक सूक्ष्मलहरी सापडल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या सिद्धांताकडे वळले. नारळीकर मात्र प्रश्न विचारत राहिले. १९९३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत त्यांनी विश्वाचं पर्यायी प्रतिमान मांडलं. मला स्वतःला महास्फोटाची बाजू पटते. तरीही वर्गात मी दोन्ही बाजू मांडते आणि पुरावा कशाला म्हणायचं, यावर मुलांना मनसोक्त भांडू देते.

४. सहीपेक्षा प्रश्न मोलाचा. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. शुक्रवारी इथे शाळा लवकर सुटते. त्याआधीचा माझा तास मुलांच्या चिठ्ठ्यांचा. २०२५ मध्ये शनीची कडी दुर्बिणीतून नुसत्या रेघेसारखी का दिसली, असं एकाने विचारलंय. येत्या तासाला एक चेंडू आणि जुनी सीडी घेऊन जाणार आहे.