सूर्याची वीज आणि शेतकऱ्याची जमीन

कोळसा न जाळतां सूर्य, वारा व पाणी ह्यांवरच सगळी वीज निर्माण करावी, असा विचार हल्लीं सर्वत्र चालू आहे. त्यास लागणारी एक मोठी वस्तु, म्हणजे जमीन, आपणां शेतकऱ्यांपाशीं आहे. म्हणून खर्चाचा हिशेब आपणही मांडला पाहिजे.

एक किलोवॅटचें सौर पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनें दिवसास सुमारें ४ युनिट वीज देतें. पावसाळ्यांत बरीच कमी. पण त्या दिवसांत भातास पंप नकोच असतो, आणि उन्हाळी पिकास पाणी हवें तेव्हां ऊनही कडक असतें. त्यामुळें उपशाचें काम सूर्यावर सोंपविण्यास अडचण दिसत नाहीं. शहर, कारखाने व रेल्वे ह्यांचें तसें नाहीं. त्यांस दिवेलागणीनंतरही वीज पाहिजे, आणि त्यासाठीं बॅटऱ्या, किंवा दिवसा पाणी वर चढवून नंतर खालीं सोडणारी घाटघरसारखी योजना लागते. खरा मोठा खर्च ह्या साठवणीचा आहे. केवळ पॅनेलची किंमत सांगून वीज स्वस्त म्हणणारा मनुष्य अर्धाच हिशेब सांगतो.

२०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के, व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के रक्कम भरावी लागते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज त्याच वर्षापासून पांच वर्षांकरितां मोफत ठरविली असतां हे तरी कां भरावे, असें कोणी विचारील. मध्यरात्रीं सापविंचवांच्या वाटेनें बारे देण्यास जाणें ज्यानें भोगलें आहे, तो विचारणार नाहीं.

दुसरा मार्ग जमीन भाड्यानें देण्याचा. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेच्या २०२३ च्या सुधारणेनुसार हेक्टरीं वार्षिक १,२५,००० रुपये भाडें व दरसाल ३ टक्के वाढ ठरली. एक मेगावॅटास सुमारें चार-पांच एकर जमीन लागते. पडीक वा हलक्या जिराइतास हें भाडें चांगलें. बागाइतास मात्र आमच्या मतें देऊं नये. शिवाय तीन टक्क्यांनीं भाडें दुप्पट होण्यास जवळजवळ चोवीस वर्षे लागतात. महागाई त्याहून वेगानें वाढली, तर तेंच भाडें वर्षागणिक हलकें होत जाईल.

वीज आणि नगरें ह्यांपायीं जमीन जाणें आपल्या भागास नवें नाहीं. पाण्याच्या विजेसाठीं मुळशीचें धरण होऊं लागलें, तेव्हां १९२१ सालीं सेनापति बापट ह्यांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, धरण झालेंच. पुढें १९७० पासून नवी मुंबईसाठीं ठाणे, पनवेल व उरण ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. १९८४ च्या जानेवारींत उरण भागांतील गोळीबारांत पांच आंदोलक बळी पडले, आणि विकसित जमिनीचा साडेबारा टक्के भाग मिळण्यास आणखी कित्येक वर्षे लागलीं. भाडेपट्ट्यांत निदान मालकी उरते.

ती खरोखर उरावी म्हणून करार नोंदणीकृत असावा. सात-बाऱ्याच्या कब्जेदार सदरीं आपलेंच नांव राहून कंपनीची नोंद इतर हक्कांत व्हावी. सारा व बिगरशेती आकार कोणी भरावयाचा, शेजाऱ्याची वहिवाटीची वाट कोठून राहील, कंपनी मध्येंच बंद पडली तर काय, आणि मुदतीअंतीं खांबांचें काँक्रीट कोणाच्या खर्चानें उपटावयाचें, हीं कलमें सही करण्यापूर्वीं वाचून घ्यावीं. शेवटचें कलम पुष्कळदां नजरेंतून सुटतें.