बूट चावतो? मग हे करून पाहा

आपल्या वस्तीतली बहुतेक माणसे पायांवर पोट भरतात. झाडलोट, धुणीभांडी, सिक्युरिटीची ड्युटी, हमाली, भाजीची फेरी. पाय दुखले तरी "होईल बरं" म्हणत आपण चालत राहतो. पण घरोघरी पाय तपासताना आम्हाला दिसते, की बरेचसे दुखणे चुकीच्या मापाच्या बुटामुळे असते.

बूट घेताना

बूट-चप्पल संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा फुगतो. सकाळी बेताचा बसलेला बूट संध्याकाळी आवळतो. दोन्ही पायांत घालून, उभे राहून पाहा. बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, माप त्याचे घ्या. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

घरातला बूटही तपासा. कागदावर उभे राहून पायाभोवती पेन्सिल फिरवा आणि बूट त्या आकृतीवर ठेवा. रेघ बुटाबाहेर दिसली तर तो बूट अरुंद आहे. कुरूप, फोड, नखुरडे त्यातूनच होतात.

नवा बूट आधी रोज थोडा वेळ घरात घाला. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला जाताना तर सवयीचीच जोडी घाला. रांगेत तासन्‌तास उभे राहायचे असते.

टाच दुखत असेल तर

सकाळी पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते आणि चार पावलांनी कमी होते? तळव्याखालचा पट्टा ताणल्याची ही खूण आहे. पातळ, झिजलेली चप्पल त्यात भर घालते. अंथरुणातच चवड्याला टॉवेल अडकवून पंजा आपल्याकडे ओढा. ३० सेकंद धरा, असे ३ वेळा करा. संध्याकाळी थंड पाण्याची बाटली तळव्याखाली ५ मिनिटे फिरवा. आराम पडायला काही आठवडे लागतात, मध्येच सोडू नका.

गमबूट घालणाऱ्यांनी

आत सुती मोजे घाला, जादा जोड सोबत ठेवा आणि भिजले की बदला. घरी आल्यावर बोटांमधली जागा कोरडी पुसा, नाहीतर चिखल्या होतात. ओल्या बुटात रात्रभर वर्तमानपत्राचे बोळे भरा.

कामावर "मिळेल त्या मापाचे" गमबूट घेऊ नका. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कचरा हाताळणाऱ्या कामगाराला योग्य पादत्राणे पुरवायला सांगितले होते. माप चुकीचे असेल तर चार-पाच जणांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

शुगर असेल तर

इथे दुखत नाही हाच धोका. शुगरने पाय बधिर होतो. बुटात खडा असला, खिळा टोचला तरी कळत नाही. जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येऊ शकते. म्हणून:

• बूट घालण्याआधी झटका, आत हात फिरवा.
• रोज रात्री तळवे आरशात पाहा किंवा घरच्यांना पाहायला सांगा.
• अनवाणी चालू नका. गरम पाण्याचा शेक नको.
• कुरुपाला ब्लेड लावू नका, बाजारातली कुरुपाची पट्टीही नको.
• फोड, जखम, लाली, सूज दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

शुगरच्या तपासणीला जाल तेव्हा चप्पल काढून "पायही बघा" असे डॉक्टरांना सांगा. ते विचारतील म्हणून थांबू नका.